कस आहारगृहाच्या भिंतीवरची जिवंत माणसं

सर्जेराव खंदारे यांनी माझा आयुष्यात एकदाच फोटो काढला आणि त्यात मी जशी आहे तशीच आले. हा राग मी सतरा वर्षं धरून आहे. शेजारी म्हणून एवढी तरी मुरवत ठेवावी की नाही माणसानं? मंठ्यात तेव्हा आणखी दोन फोटोग्राफर होते. ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून नाकं सरळ करत, गालावरचे खड्डे बुजवत, आणि लग्नाच्या मुलीला तर दोन महिने तूप-साखर चारल्यासारखी भरून काढत. आमचे भावजी, म्हणजे हे सर्जेराव, मात्र पेन्सिलीला हात लावायचे नाहीत. वर आणि मलाच विचारायचे, "वैनी, देवानं काढलेलं मी कशाला खोडू?"

माझं बांगड्यांचं दुकान आणि त्यांचा 'सत्यशीला फोटो स्टुडिओ' यांच्यामध्ये एकच भिंत, तीही इतकी पातळ की तिकडं भावजींनी सुस्कारा सोडला तर इकडं बांगड्या वाजाव्यात. तेव्हा पुढं जे सांगते आहे त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, निम्मं भिंतीतून ऐकलेलं, आणि दोन्ही सारखंच खरं आहे.

स्टुडिओ सुरू झाला १९८३ साली. दुकानाच्या पाटीवर बायकोचं नाव घालणारा हा गावातला पहिला नवरा, त्यामुळे पहिले सहा महिने लोक फोटो काढायला कमी आणि पाटी वाचायला जास्त आले. भावजी तेव्हा अंगानं अशी काडी होते की कॅमेऱ्याच्या तिपाईशेजारी उभे राहिले तर कोण कुणाला टेकलंय ते कळायचं नाही. टायफॉईडनं दोनदा पाडलेलं शरीर. जिना चढले की पहिल्या पायरीचा विचार करत तिसऱ्या पायरीवर बसायचे.

मग नागपंचमीच्या कुस्त्यांआधी तालमीचा एक ग्रुप फोटो काढायला त्यांना बोलावलं. रखमाजी वस्ताद म्हणजे तालमीचा मालक, साठीच्या घरातला, मानेला वळ्या नाहीत की पोटाला. त्यानं या काडीकडं खालून वर पाहिलं.

"फोटोवाले, आधी वीस जोर मारा. मंग काढा फोटो."

"मी? मी कशाला, वस्ताद? मी तर धंद्याला आल्तो."

"दम कसा धरायचा ते कळल्याशिवाय दम धरलेल्या माणसाचा फोटो काय काढशीला? चला, जल्दी!"

चौथ्या जोराला भावजी लाल मातीत पालथे. उठता येईना. नाकात माती, पोरं हसून राह्यली. आणि तशा पडल्या पडल्या त्यांनी मान वळवली तर झरोक्यातून आलेलं ऊन रखमाजींच्या पाठीवर पडलेलं, आणि ती पाठ खालून बघताना नांगरलेल्या रानासारखी दिसत होती. पुढच्या वीस वर्षांतले त्यांचे सगळे चांगले फोटो जमिनीलगत कॅमेरा ठेवून काढलेले आहेत. लोक त्याला कला म्हणतात. मी म्हणते, सुचलं तेव्हा माणूस पालथा होता, दुसरीकडून बघणार कुठून?

दुसऱ्या दिवशी पहाटे ते तालमीत हजर. पाच जोर, मग सात. दोन वर्षांत तिपाई आणि भावजी वेगवेगळे ओळखू यायला लागले. पोटापुरते लग्नाचे फोटो काढायचे आणि उरल्या वेळात मंठ्यातल्या कष्टाच्या अंगांमागं कॅमेरा घेऊन फिरायचं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन, मान ताठ ठेवून तीन मैल चालणारी दुर्गाबाई. बाजार समितीत क्विंटलचं पोतं पाठीवर पेलून फळीवरून ट्रकात चढणारा हमाल संपत. त्याच्या पोटऱ्या बघाल तर पोटरी या शब्दाचा अर्थ कळेल. रखमाजी तर होतेच. दहा वर्षांत असे अकरा फोटो त्यांच्या पसंतीला उतरले. अकराच. औरंगाबादच्या एका प्रदर्शनात त्यातल्या तीन फोटोंना मिळून पहिलं बक्षीस मिळालं. आम्ही सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. भावजींनी शेंगदाणे खाल्ले, कारण तोवर त्यांचं साखरेशी वाकडं आलं होतं.

मग रंगीत फोटोंचे दिवस आले. बारशापासून वाढदिवसापर्यंत सगळं रंगीत पाहिजे, आणि तेही तासाभरात. आमच्या भावजींची काळे-पांढरे फोटो धुवायची अंधारी खोली बसली रिकामी. सत्यशीलेचे भाऊ काकासाहेब, जालन्याचे बियाण्याचे व्यापारी, दर सणाला येऊन सांगायचे, "दाजी, माझ्या दुकानात एक जागा हाये. गल्ल्यावर बसा, पंख्याखाली. हे काय मजुरांच्या पाठी काढून राह्यले तुम्ही!"

भावजींच्या डोक्यात मात्र दुसरंच. ज्यांचे फोटो काढले ती माणसं काय खातात हे त्यांनी दहा वर्षं जवळून पाहिलं होतं, आणि बसस्टँडवर उतरणारे लोक काय खातात तेही. एका बाजूला भाकरी, मटकी, आंबील; दुसऱ्या बाजूला आठ वेळा उकळलेल्या तेलातली भजी. १९९७ च्या गुढीपाडव्याला स्टुडिओची पुढची खोली रंगवली आणि पाटी लागली: 'कस आहारगृह'. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, नावापुरतं तेल, कारळाची चटणी, ताक, आंबील. तळण बिलकुल नाही. आणि चहा नाही! मंठ्याच्या बसस्टँडसमोर हॉटेल, आणि चहा नाही! मी त्याच दिवशी म्हटलं, "भावजी, ह्यापेक्षा दवाखाना काढला असता, लोक निदान नाइलाजानं आले असते."

हसण्यावारी नेलं त्यांनी. पण सत्यशीलेचं हसणं जरा कमी पडलं. कारण स्वयंपाकासाठी तिनं बालवाडीची सात वर्षांची नोकरी सोडली होती. भिंतीतून मी स्पष्ट ऐकलं.

"पोळ्यापस्तोर बघू," ती म्हणत होती. "न्हाई चाललं तर दादाच्या दुकानात जायचं. मंठा सोडायचा. आन् मंग कॅमेऱ्याचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

मग भावजी म्हणाले, "कबूल."

आता गंमत ऐका. त्या आहारगृहाच्या भिंतीवर भावजींनी ते अकरा फोटो लावले. काळे-पांढरे, हातभर मोठे, जाड लाकडी चौकटीत, काचेसकट. खाली सत्यशीला रोज सकाळी उदबत्ती लावायची, दुकानाच्या बरकतीसाठी. आणि पाडव्याला उद्घाटन झालं म्हणून कडुलिंबाचा रस दिला होता, तो भावजींना इतका आवडला की पुढं रोजचाच नियम केला: गिऱ्हाईक बसलं की आधी वाटीभर कडू रस, रक्तशुद्धीला. मग ती कमी मिठाची उसळ.

लोक यायचे. दारात चपला काढायचे. भिंतीकडं बघून हात जोडायचे. गप बसून कडू रस प्यायचे, खाली मान घालून जेवायचे, कुणी चटणी मागायचं नाही, कुणी मीठ मागायचं नाही. आणि जाताना 'येतो' न म्हणता निघून जायचे. ते पुन्हा यायचे नाहीत.

भावजी खूश! "वैनी, बघा, किती शिस्तीनं जेवतात लोक. अन्नाचा मान ठेवतात."

मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. कळलं ते श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी. मी ताक आणायला गेले होते. आष्टीचे साहेबराव नावाचे शेतकरी, चण्याची पोती घेऊन आलेले, एकटेच जेवत होते. जेवण झालं, हात धुतला, आणि ते संपतच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. डोळे पुसले.

"लई कामाचा माणूस व्हता," ते भावजींना म्हणाले. "मागच्या सालीच माझी पोती चढवल्ती ह्यानं. काय झाल्तं?"

"कुणाला?"

"संपतला. आजारी व्हता का एकदमच?"

भावजींनी दाराबाहेर बोट दाखवलं. "अहो, संपत... तो काय तिकडं! रस्त्यापल्याड ट्रक भरून राह्यलाय!"

साहेबरावांनी वळून पाहिलं. संपत खरंच पोतं घेऊन चाललेला. साहेबराव आधी दोन पावलं मागं सरले, मग रागावले. "मंग जित्या माणसाला भिंतीवर कशाला टांगलं? वर सुतकाचं जेवण वाढून राह्यले! आन् आधी कडू घास! म्या आपलं दुःखाच्या घरी आलो म्हणून मीठ बी मागितलं न्हाई!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मंठ्यात, मंठ्यातच काय, आख्ख्या तालुक्यात, काळा-पांढरा मोठा फोटो चौकटीत घालून माणूस भिंतीवर कधी जातो? गेल्यावर! लग्नाच्या फोटोतल्या घोळक्यातून आजोबांचं डोकं शोधायचं, मोठं करायचं आणि दहाव्याच्या आत चौकट द्यायची. हा धंदा चौदा वर्षं केला कोणी? आमच्याच भावजींनी. दोनशे घरांत गेलेली माणसं स्वतःच्या हातानं टांगणाऱ्या माणसाला आपल्या हॉटेलात काय टांगलंय हे कळलं नाही.

आता मी काय करायला पाहिजे होतं? गप्प बसायला. पण मी दुकानात आले, केशरबाई बांगड्या भरायला बसल्या होत्या, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. संध्याकाळपर्यंत गाव हसत होतं. "सर्जेरावचं तेरावं झालं का?" अशी हाक लोक रस्त्यावरून मारायला लागले. आधी चुकून येणारी माणसंही थांबली. पोळ्याला उरले बारा दिवस. माझ्या जिभेला त्या आठवड्यात मी बऱ्याच शिव्या दिल्या, मनातल्या मनात.

शेवटी सत्यशीला म्हणाली, "अहो, फोटो उतरवा. माझी भाकर चांगली हाये. फोटो नसले तर लोक खातील."

"आन् फोटो माळ्यावर टाकले, तर म्या दहा वर्षं काय केलं?"

"ते मला न्हाई माहीत. पण जालन्याला गेलो तर ते बी माळ्यावरच जाणार हायेत."

पुढच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, भावजी स्टुलावर चढले. मी दारातच उभी होते. आग मीच लावलेली, बघायला तरी जायला हवं होतं. त्यांचा हात पहिल्याच चौकटीला गेला. दुर्गाबाईची. आणि रस्त्यावरून आवाज आला.

"सर्ज्या! हात लावशील तर बघ!"

दुर्गाबाई स्वतः. डोक्यावर गवताचा भारा, मान तशीच ताठ. तिनं भारा दारात धाडकन टाकला आणि आत येऊन बरोबर आपल्या फोटोखाली मांडी घातली.

"सगळं गाव मला मेली म्हणून राह्यलं, आन् तू मला उतरवून त्याच्यावर शिक्का मारतो व्हय? सत्यशीले, वाढ गं! आन् ते कडू पहिलं दे, माझं रगत लई तापलंय."

सत्यशीलेनं वाढलं. दुर्गाबाई जेवली ते सगळ्या स्टँडला ऐकू गेलं, कारण घासाघासाला ती बोलत होती. "बघा रे, मेलेली बाई किती भाकरी खाती! मोजा! ए साहेबराव का कोण तुम्ही आष्टीवाले, या, बसा, भुताच्या पंगतीला!" दारात दहा माणसं जमली, मग तीस. कुणीतरी संपतला बोलावून आणलं. तोही लाजत लाजत आपल्या चौकटीखाली बसला. रखमाजी वस्ताद आले. सत्तरीचे. ते बसलेच नाहीत. मुंडासं काढून माझ्या हातात दिलं आणि दारात, सगळ्यांसमोर, पन्नास जोर मारले, मग भावजींकडं बघून म्हणाले, "आता माझी भाकर टाक. आन् वर मीठ ठेव, पोरा. मिठाशिवाय गडी नसतो."

बघायला आलेली माणसं भूक लागल्यावर जातील कुठं? बसली. त्या दिवशी सत्यशीलेनं तीनदा पीठ मळलं. तिसऱ्यांदा मी मळलं, कारण तिचे हात गळाले होते आणि माझ्यावर तेवढं कर्ज होतंच.

पुढं काय झालं ते सोपं आहे. तालुक्यातून लोक यायला लागले, फोटोतला माणूस खाली बसलेला बघायला. भावजींनी मीठ वाढवलं, चटणी मागण्याआधी ताटात ठेवली, आणि कडू रस मागेल त्यालाच. चहाचं नाव मात्र अजूनही नाही. तिथं माणूस अडून बसलाय.

पोळ्याच्या दिवशी काकासाहेब जालन्याहून जीप घेऊन आले, बहिणीला आणि दाजींना सामानासकट न्यायला. आत बसायला जागा नव्हती. अर्धा तास पायरीवर उभे राहिले बिचारे, घाम पुसत. शेवटी जागा मिळाली ती दुर्गाबाईशेजारी. जेवले. भिंतीवरचे अकराच्या अकरा फोटो पाहिले. मग दाजींना बाजूला घेतलं. पण मी होते तिथंच.

"दाजी, माझा बी एक काढा की हितं लावायला. फक्त पोट जरा कमी दाखवा."

"तुम्ही कमी करा, काकासाहेब. मी दाखवतो."

जीप रिकामी गेली. सत्यशीलेनं ती वळणाला नाहीशी होईपर्यंत दारात उभं राहून पाहिली, मग आत जाऊन तव्यापाशी बसली.

आज सहा वर्षं झाली. भिंतीवर चौतीस माणसं आहेत. नियम भावजींचाच: स्टुलावर बसवून फोटो नाही, काम करतानाच, आणि हार कुणाला नाही. रखमाजी वस्ताद दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा भावजींनी ती चौकट स्वतः खांद्यावर नेऊन त्यांच्या घरी दिली. हार तिथं घातला गेला. आहारगृहातल्या त्या खिळ्यावर आठ दिवसांनी तालमीतली एक चौदा वर्षांची पोर लागली, दोरावर अर्ध्यात चढलेली. परवा औरंगाबादहून कुणी मोठे फोटोग्राफर आले होते. बराच वेळ मान वर करून भिंत बघत राहिले आणि मला विचारलं, "ही कुणाची कामगिरी?"

म्हटलं, "आमच्या सर्जेरावांची. मंठ्याचे आहेत." आणि त्यांना दुर्गाबाईशेजारी बसवून दिलं.