बाळूला काढायचं नाही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. सकाळी सकाळी त्यानं मोबाईलवरच्या गेममधून मला ‘मदत पाठव’ असा निरोप टाकला होता, आणि मी कुकटपल्लीच्या मेट्रो स्टेशनवर उभी राहून त्याला उत्तर लिहीत होते की मदतबिदत काही मिळणार नाही, आधी त्या बाळूला काढ, मग बोल. तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. मला वाटलं, बापाची काहीतरी तक्रार असणार. ती “आत्या, बाबा…” एवढंच म्हणाली आणि पुढं बोलेचना. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गाडी गेली, आणि मी तिथंच उभी. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आला तो राग. ऑपरेशनची तारीख ठरलेली, प्रज्ञानं रजा टाकलेली, आणि हा माणूस चहा पिता पिता निघून गेला. याला काय म्हणायचं?

आता बरेच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी भावाबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं तर गोड-गोड काही सुचेना, सगळं तक्रारीचंच सुचायला लागलं. तर तसंच लिहिते. माझा भाऊ अत्यंत चिड आणणारा माणूस होता.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि मलकपेठला राहिले, दादा तिथंच वाढला, एका सरकारी कचेरीत लागला आणि तिथूनच रिटायर झाला. पण त्याची खरी नोकरी म्हणजे कॉलनीची जयंती कमिटी. दर एप्रिलच्या आधी कमिटी निवडायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडंच. आणि त्याची निवडायची रीत अशी, की कोण कामाचा, कोण बिनकामाचा हा प्रश्नच नाही. प्रत्येक गल्लीतला एकेक घ्यायचा. मागच्या वर्षी जो रुसला तो घ्यायचा, आणि यंदा जो रुसंल असं वाटतं तो तर सगळ्यात आधी. आमच्यातलेच नाही, तर टेंपो चालवणारे सलीमभाई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला पोशट्टी, खिरीचं पातेलं दुसऱ्या कोणाला हात लावू न देणाऱ्या सुलोचनाबाई, सगळे त्यात. आणि बाळू. हा बाळू म्हणजे कॉलनीतला असा माणूस, की ज्याच्या हातात द्याल ते बिघडलंच पाहिजे. एका वर्षी त्याच्याकडं फटाके दिले, तर त्यानं मिरवणुकीच्या मोठ्या फलकाखालीच लावले. निळा फलक अर्धा जळाला. पुढच्या वर्षी यादीत पहिलं नाव कुणाचं? बाळूचं. मी म्हटलं, “अरे दादा, तुला वेड लागलंय का? दोन-तीन हुशार पोरं घे, काम फटाफट होईल.” तर म्हणाला, “दोन-तीन माणसांची मिरवणूक कोण बघंल, छाये?” दुपारी निघायची मिरवणूक दिवेलागणीला निघायची. कोणी रुसायचं नाही हे खरं, पण उपाशीपोटी उन्हात उभं राहून आमचे पाय मोडायचे त्याचं काय?

रिटायर झाल्यावर तो घरात बसून वहिनीच्या फोडणीवर सल्ले द्यायला लागला, तेव्हा वैतागून प्रज्ञानं त्याच्या फोनवर एक गेम टाकून दिला. “बाबा, टाइमपास करा, अम्माला छळू नका,” म्हणाली. (हैदराबादेत वाढलेली पोर, आईला अम्मा म्हणते.) त्याला एकट्याला करमेना, म्हणून त्यानं मलाही त्यात ओढलं. गेम असा, की तुमच्याकडं लढवय्यांची मोठी फौज जमत जाते, पण लढाईला त्यातले पाचच नेता येतात. कोणते पाच, यावरच सगळं अवलंबून. कोणी विस्तवाचा, कोणी पाण्याचा, कोणी ढाल घेऊन पुढं उभा राहणारा, कोणी जखमा भरणारी. आणि शेवटच्या पायरीवर बसलेला असतो बॉस. हा बॉस म्हणजे अंगभर निखारे असलेला डोंगराएवढा राक्षस. पाण्यानं तो खचतो, आणि विस्तवाचा मार बसला की खचायचं सोडून उलट ताजातवाना होतो. एवढं सोपं आहे. लहान लेकराला कळंल.

माझ्या भावाला कळलं नाही. गेममध्ये लढवय्यांना आपल्या मनानं नावं देता येतात. दादानं पाचही जणांना आपल्या माणसांची नावं दिली. ढालवाला पोशट्टी, गदावाले सलीमभाई, जखमा भरणाऱ्या सुलोचनाबाई, चौथा एक धनुष्यवाला, त्याला वडिलांचं नाव. आणि गेम सुरू करताना जो एक फुकटचा पोरगा सगळ्यांना मिळतो, हातात पेटता पलिता घेतलेला, त्याचं नाव बाळू. म्हणजे आमचे चौघं जीव तोडून राक्षसाला मारणार, आणि आमचाच बाळू पलित्यानं शेकून त्याला बरं करणार! मी रविवारी मलकपेठला जायची आणि त्याच्या शेजारी बसून हे बघायची. बघायची काय, रक्त आटवायची. दादाकडं पाण्याची एक राणी होती, काय तिची ताकद, माझ्याकडं असती तर मी त्या राक्षसाला कधीच गार केलं असतं. ती बसलेली घरी.

“दादा, त्या राणीला घे ना.”

“ती परवा आली. परवा आलेल्या बाईला लगेच कमिटीत घेतलं तर जुन्यांना काय वाटंल?”

“अरे, त्यांना काही वाटत नाही! ती चित्रं आहेत!”

“कामून वाटत नाही?” मराठवाड्यातलं ‘कामून’ म्हणजे ‘का म्हणून’, ते त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही. “पहिल्या दिवसापासून आहे बाळू. आपल्याला काही येत नव्हतं तवा हाच एकटा लढत होता. आता मोठा राक्षस आला म्हणून ह्याला घरी बसवू?”

“तो राक्षसाला बरं करतोय, दादा!”

“त्याचा स्वभाव आहे तो.”

आतून वहिनी ओरडायची, “बाळूचं भांडण मिटलं की जेवायला या.” आणि लढाईचं काय व्हायचं? दोघं-तिघं आडवे झाले की दादा लगेच ‘माघार’चं बटण दाबायचा. आपली माणसं पडताना त्याला बघवायचं नाही. माघार घेतली की सगळे पुन्हा धडधाकट. मग चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, “ह्याच पाचांनी मारायचा ह्याला. एकदा तरी मारणारच, बघ तू.” ही त्याची जिद्द. बाकी कशाची त्याला घाई नव्हती, पण कोणालाही न काढता तो राक्षस पाडायचा, हे त्यानं मनावर घेतलं होतं.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मग छातीत दुखायला लागलं. हिमायतनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, बायपास करावी लागेल, उशीर करू नका. मी म्हटलं, चला, डॉक्टर चांगले आहेत, तारीख घ्या. तर दादा म्हणाला, “सगळ्यांना विचारून ठरवू.” सगळ्यांना! सलीमभाईंनी जुन्या शहरातल्या एका हकीमांचा काढा सांगितला, तर याला तो काढा पिणं भाग, नाहीतर सलीमभाईंना वाईट वाटंल. पोशट्टीच्या मेव्हण्यानं दुसऱ्या कुठल्या दवाखान्याचं नाव सुचवलं, तर तिथं जाऊन रांगेत बसणं भाग. सुलोचनाबाई म्हणाल्या, पावसाळ्यात चिरफाड नको, जखम लवकर भरत नाही. आणि बाळूनं यूट्यूबवर बघून लसणाचा काहीतरी प्रकार आणून दिला, तोही यानं नाक दाबून खाल्ला. मी त्या दिवशी भांडी आपटली. “दादा, तुझं काळीज आहे ते, जयंतीची कमिटी नाही! एक माणूस निवड, जो सगळ्यात हुशार आहे तो, आणि बाकीच्यांना घरी बसव!” प्रज्ञा फोनवरून ओरडत होती, “बाबा, सीरियसली, व्हाय आर यू लाइक धिस?” वहिनी भाकरी थापत होती, आणि थापता थापता थांबली होती. दादा मला म्हणाला, “अगं, मोठी लढाई आहे. मोठ्या लढाईला कोणाला मागं सोडू नाही.” शेवटी सगळ्यांचं ऐकून झाल्यावर तो त्याच पहिल्या डॉक्टरांकडं गेला आणि तारीख घेतली. ती तारीख यायच्या आधीच तो गेला. डॉक्टर म्हणाले, आधी केलं असतं तरी खात्री देता आली नसती. ते म्हणणारच. मला त्या हकीमाच्या काढ्याची बाटली कपाटात दिसते, आणि अजून माझं डोकं फिरतं.

आदरांजलीची सभा कॉलनीच्या हॉलमध्ये ठेवली. त्रिशरण झालं, फुलं वाहिली, आणि मग भाषणं सुरू झाली. प्रत्येक गल्लीतला एक बोलला. मग प्रत्येक गल्लीतला दुसरा उठला. माईक बाळूकडं होता, त्यामुळं अर्ध्या भाषणांत नुसती शीळ ऐकू आली. मी घड्याळाकडं बघत होते, जेवण गार होत होतं, म्हातारी माणसं जागेवर चुळबुळत होती. मी सलीमभाईंना खुणेनं सांगितलं, आवरा आता. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “आपा, भाईसाब किसीको छोड़े नहीं कभी. अब उनके वास्ते बोलने आए लोगां को हम कैसे छोड़ते?” हॉल भरून बाहेर रस्त्यावर लोक उभे होते, एवढं मात्र लिहायला पाहिजे. मलकपेठमधून कोणी यायचं राहिलं असेल असं मला वाटत नाही. बाळू माईक धरूनच रडला, आणि तेवढं नेमकं सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं…

परवा रविवारी मी वहिनीकडं गेले. तिनं दादाचा फोन माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, “छायाबाई, हा अधूनमधून वाजतो. बघा जरा, काय मागतोय.” गेमच वाजत होता. रोज एकदा तो हाक मारतो, की राक्षस वाट बघतोय. मला एकदम संताप आला. राक्षसाचा, गेमचा, दादाचा, सगळ्यांचा. म्हटलं, आज या डोंगराचा निकालच लावते. काय व्हायचं ते होऊ दे, पण माझ्या भावाच्या फोनवर हा राक्षस आता जिवंत राहणार नाही. मी फौज उघडली. राणीला घेतलं. बाळूच्या चित्रावर बोट ठेवलं आणि त्याला बाहेर काढलं. लढाईचं बटण दाबणार, तेवढ्यात वहिनी खांद्यावरून वाकली. आयुष्यात कधी तिनं त्या गेमकडं धड बघितलं नव्हतं.

“त्याला कामून काढलं?”

“कोणाला?”

“बाळूला.”

“वहिनी, बाळू असेल तर जिंकताच येत नाही. राणीला घेतलं तर चहा गार व्हायच्या आत जिंकतो आपण.”

“ते मला कळत नाही. त्याला घ्या परत.”

“अहो वहिनी, तुम्हीसुद्धा?”

“ते असते तर काढलं असतं का?”

मी कपाळावर हात मारला. राणीला घरी पाठवलं, बाळूला आत घेतलं, बटण दाबलं. व्हायचं तेच झालं. आमचे सलीमभाई गदा घेऊन धावले, बाळूनं पलित्यानं राक्षसाला शेकलं, राक्षस टवटवीत. पोशट्टी पडला. मग सुलोचनाबाई. माझा अंगठा सवयीनं माघारीच्या बटणाकडं गेला, तर वहिनीनं माझा हात धरला. सलीमभाई पडले. वडिलांच्या नावाचा तो धनुष्यवालाही पडला, आणि वहिनीच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पण तिनं हात सोडला नाही. आता राहिला एकटा बाळू. समोर एवढा मोठा राक्षस. राक्षसानं हात उगारला… आणि खाली घेतला. पुन्हा उगारला, पुन्हा खाली. जो त्याला दुखवत नाही त्याला तो मारत नाही, असा काहीतरी नियम असणार त्यात. बाळू मारतोय म्हणून राक्षस बरा होतोय, आणि बरा होतोय म्हणून बाळूला हात लावत नाही. इतके दिवस कोणीच शेवटपर्यंत बघितलं नव्हतं.

“हा बाळू मरंनाच झाला की,” वहिनी म्हणाली. “म्हणजे हरलो का आपण?”

“नाही.”

“मग जिंकलो?”

“जिंकत पण नाही. हे असंच चालू राहणार, वहिनी. याला शेवटच नाही.” माझा आवाज चढला. “बघितलंत? मी दादाला हेच सांगत होते, शंभरदा सांगत होते, की बाळूला घेऊन जिंकता येत नाही!”

“हौ. पण हरलो पण नाही ना?” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. डोळे सगळे त्या पलितावाल्या पोरावर. “राहू द्या मग. बंद नका करू.”

अंधार पडत आला होता, तिनं दिवा लावला नाही. फोन बॅटरी संपत आल्याचं सांगायला लागला. दादा, अरे जिंकायचं असतं रे लढाईत, नुसतं सगळ्यांना धरून उभं राहायचं नसतं, हे मी तुला कधीच पटवू शकले नाही, आणि आता तुझ्या बायकोलाही पटवू शकत नाही. मी चिडून उठले, सगळी कपाटं उलथीपालथी केली, चार्जर शोधून आणला आणि फोनला लावला.