बाराची नावं

"रेडिओवर शिवी गेली तरी लोक माफ करतात, पण गप्प बसलेलं माफ करत नाहीत." व्हर्ना हलाडिकनं हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं.

टॅनरी फोर्क या आमच्या कोळशाच्या गावातलं ते मीडियम वेव्ह स्टेशन उजाडलं की सुरू व्हायचं आणि सूर्य बुडाला की बंद. काचेच्या आत माइकपाशी व्हर्ना, बाहेर यंत्रांपाशी मी. तेव्हा दिवसभर पोल्का नाचाची गाणी वाजत. पुढे पोरं पोल्काला हसू लागली, म्हणून मालकानं, म्हाताऱ्या हॅस्पेलनं, गाजलेली गाणी आणली. व्हर्नाची 'हनी व्ही' झाली, तिला लाडात बोलावं लागे. मग काउबॉयची गाणी आली आणि ती नाकातून बोलायला शिकली. गाण्यांच्या प्रत्येक नव्या मालाला तिनं नवा आवाज दिला. फक्त दुपारी बारा वाजता ती स्वतःच्या आवाजात बोलायची. कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता. ते ऐकूनच माणसं पेटीला खांदा द्यायला येत. गावातलं वर्तमानपत्र आठवड्यानं निघे. मेलेलं माणूस तेवढं थांबत नाही.

म्हातारा गेल्यावर मुलगा ड्वाइट मालक झाला. त्यानं गाणी बंद केली आणि दूरच्या शहरातल्या चिडक्या माणसांची भांडणं उपग्रहावरून दिवसभर लावली. बाराची नावं तेवढी उरली होती. व्हर्नाचा नवरा एमिल खाणीच्या खोकल्यानं गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती काळ्या कपड्यांत त्याचं नाव वाचायला आली, तर ड्वाइट स्टुडिओच्या दारातच उभा. नावं आजपासून बंद.

"टायरचे जाहिरातवाले मढ्याशेजारी बसत नाहीत, व्हर्ना."

"पोरा, मढ्याला टायर लागत नाहीत. खांदे लागतात."

बाराला नावांऐवजी टायरच्या दुकानाच्या जाहिरातीचं गाणं वाजलं. एमिलच्या वेळी चर्चमध्ये बाकं रिकामी होती. खांद्याला माणसं पुरेनात, तेव्हा कबर खणणारे दोघे फावडी टाकून आले. मागच्या बाकावर लोरेन हॅस्पेल, ड्वाइटची आई, एकटी बसली होती. व्हर्ना रडली नाही. दफनभूमीच्या फाटकात मला म्हणाली, "त्याच्याही घरचं कुणीतरी मरेल, स्टॅश."

चिडकी माणसं विकली गेली नाहीत. खेळांच्या बातम्या आल्या, त्याही गेल्या. शेवटी ड्वाइटनं 'जुने दिवस' नावाचा माल काढला. पोल्का परत, नावंही परत, फक्त व्हर्ना अजून नाही. त्याच आठवड्यात लोरेन वारली. मरताना म्हणाली होती, माझं नाव व्हर्नानं वाचावं.

ड्वाइट व्हर्नाच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा मी तिथंच होतो. ती पिरोहीचं, आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांचं, पीठ लाटत होती. त्याला कॉफी विचारली नाही, बसही म्हणाली नाही. त्यानं आईची इच्छा सांगितली, गावाला तुमचा आवाज हवाय म्हणाला.

"बाराला जाहिरात कुणाची आहे?" तिनं विचारलं.

तो जरा अडखळला. "टायरवाल्यांची. ते जुनेच ना आपले."

"आणि तू काचेपाशी असशील?"

"म्हणजे काय, मिसेस हलाडिक."

"मग येते."

स्टेशनवर जाताना गाडीत मी तिला एवढंच म्हणालो, लोरेन एमिलच्या वेळी आली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर जड जातंय."

बारा वाजले. लाल दिवा लागला. व्हर्नानं चष्मा चढवला, लोरेनच्या नावाचा कागद माइकसमोर धरला आणि वर पाहिलं. कागदाकडे नाही, ड्वाइटकडे. ओठ मिटलेले. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्या वेळी रेडिओ नुसता खरखरत असणार. ड्वाइटनं हातवारे केले, मग काच ठोठावली. "बाई, आईचं नाव आहे ते," तो म्हणाला, पण काचेतून आत आवाज जात नाही. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

"काहीतरी लाव," तो माझ्यावर खेकसला. यंत्रात एकच टेप तयार होती. मी हात मांडीवर ठेवले. शेवटी त्यानंच कळ दाबली.

टायरचं गाणं सुरू झालं. व्हर्नानं ते पुरतं ऐकून घेतलं. मग हेडफोन काढले, कागद पालथा ठेवला, कोट चढवला, आणि कळीवर बोट तसंच ठेवून उभ्या असलेल्या ड्वाइटच्या शेजारून बाहेर निघून गेली.