मामांच्या इंजिनांची चाकं

माझं माहेर घोडेगावजवळचं. तिथं बैलाचं वय त्याच्या तोंडात बघतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, असा हिशोब. त्यामुळं लग्नानंतर सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, भिंतीवरच्या वाफेच्या इंजिनाच्या फोटोकडं बोट करून "ही डब्ल्यूपी, चार-सहा-दोन" असं सांगितलं, तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं विचारलं, "म्हंजी वयानं किती हाय मग?"

मामा हसून हसून खोकायला लागले. ते दौंडच्या लोको शेडला फायरमन होते. वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत त्यांनी भट्टीत कोळसा टाकला, पुढं डिझेलवर गेले आणि निवृत्त होऊन नगरला स्टेशनमागं घर बांधलं. नव्या सुनेचं अज्ञान बघून दुसऱ्या कुणी नाक मुरडलं असतं. यांनी खुर्ची ओढली आणि शिकवायलाच बसले. हे आकडे वयाचे नाहीत, चाकांचे. पुढची लहान चाकं वळणावर इंजिनाला वाट दाखवतात, मधली मोठी ओढतात, मागची भट्टीचा भार घेतात. त्याच क्रमानं मोजायची, दोन्ही बाजूंची धरून. डब्ल्यूपी पॅसेंजरची, म्हणून तिची मोठी चाकं कमी पण उंच, पळण्यासाठी. डब्ल्यूजी मालगाडीची, दोन-आठ-दोन, चाकं बुटकी पण जास्त, ओझं ओढण्यासाठी.

मला सासरी मुळीच करमत नव्हतं, ते या चाकांपायी करमायला लागलं. भाजी निवडता निवडता मामा माझी परीक्षा घ्यायचे. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या कपाळाला हात लावायच्या. "ह्ये सासरा-सून न्हाईत, दोगं बी शेडातलीच हायेत," म्हणायच्या.

गेल्या दिवाळीनंतर मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, हात हळूहळू सुधारेल, पण यांना किती समजतंय हे आत्ता सांगता येणार नाही.

या एका वाक्यानं घर बदललं. भेटायला येणारे मामांच्या उशाशी बसून मामांबद्दलच बोलायचे. "काई कळत आसंल का वो यांना?" मामा छताकडं बघत पडलेले. अशा पाहुण्यांच्या चहात मी साखर घालायला विसरायचे, मुद्दामच. पण खरं सांगते, भीती मलाही तीच होती. ज्या माणसानं मला या घरात रुजवलं, तो त्या कॉटवर उरलाय की नाही, तेच कळत नव्हतं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "तोंडपाठ असलेलं काहीतरी म्हणून घ्या. अंक, वार, आरती." आत्यांनी रोज आरती म्हटली. मामा गप्प. आरतीच्या वेळी ते आयुष्यभर ड्यूटीवर नाहीतर अंगणात, मग पाठ कुठून असणार?

एका सकाळी मऊ भात भरवताना मी सहज म्हणाले, "मामा, डब्ल्यूपीची चाकं दोन-आठ-दोन, व्हय ना?"

त्यांनी डाव्या हातानं चमचा ढकलला. कपाळावर आठी पडली. ओठ हलले, लाळ गळाली. मी पुसली नाही, थांबले.

"चा... चार," मामा म्हणाले. "सा. दोन."

सगळा भात माझ्या अंगावर होता आणि मी आत्यांना हाका मारत होते. लगेच त्या बाईंना फोन केला. त्यांना आनंद झाला, पण त्या जपून बोलल्या. पाठ असलेलं आपसूक येतं, म्हणाल्या, त्यावरून समज किती आहे ते ठरत नाही. तरी चालू ठेवा.

मग मी रोज चुकायला लागले. मालगाडीला पॅसेंजरची चाकं, शंटिंगच्या इंजिनाला मेलची. मामा रोज चिडायचे आणि चिडता चिडता एखादा शब्द जास्त बोलायचे. 'न्हाई' आला, 'आठ' आला, एकदा तर 'गाढव' आला. कुणी मला गाढव म्हटल्यावर मी देवापुढं साखर ठेवली, असं पहिल्यांदाच घडलं. त्यांच्या रागाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

परवा दुपारी त्यांच्याशेजारी मेथी निवडत होते. रोजच्यासारखी चूक टाकली, "डब्ल्यूजीला मागं चाकच न्हाई बगा."

मामा चिडले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. मग एकेक शब्द ओढत म्हणाले, "तुला... येतं. मुद्दाम... चुकती."

हे काही पाठ केलेलं नव्हतं. माझ्या हातातली जुडी खाली पडली.

"व्हय मामा," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. "तुमाला कळतंय समदं? कवापासनं?"

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"पयल्या... दिसापासनं."