मामाची होडी

आमच्या बिल्डिंगमधल्या त्या बाईला सगळे मामा म्हणायचे, आणि ती मला, म्हणजे साठी ओलांडून साडीतून गाऊनवर आलेल्या बाईला, दादा म्हणायची. नव्या माणसाच्या कानावर हे पडलं की त्याला वाटायचं, या दोघींचं काहीतरी बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं. ती टांझानियाची. तिकडे आईला मामा म्हणतात आणि बहिणीला दादा, फक्त उच्चार जरा डाडाकडे झुकणारा. मुलीचं नाव नीमा, म्हणून ही मामा नीमा. हा घोटाळा उलगडला त्या दिवशी आम्ही दोघी जिन्यात बसून पोट धरून हसलो. आमचं हसणं ऐकून वरच्या मजल्यावर कुणीतरी कडी लावून घेतली.

पण मामा म्हटलं की मला आधी आठवते ती तिची हाक. तिच्या देशात म्हणे कुणाच्या दारावर थाप मारत नाहीत. दाराच्या जरा बाजूला उभं राहून ‘होडी’ असं म्हणायचं. म्हणजे ‘आत येऊ का?’ आतून ‘करीबू’ आलं, म्हणजे ‘या’, की पाऊल टाकायचं. तीन हाकांत उत्तर नाही आलं तर मुकाट परत फिरायचं. चौथी हाक मारणं निर्लज्जपणाचं. आता आमच्याकडे होडी म्हणजे काय हे शाळेतलं पोरही सांगेल. भाईंदर पश्चिमेला, राई गावाच्या रस्त्यावर, जुन्या भातशेतीवर उभी राहिलेली आमची बिल्डिंग. मागच्या भिंतीपलीकडे तिवरं आणि खाडी. अशा ठिकाणी ऐन तिन्हीसांजेला दाराबाहेर एक जाडसर, संथ आवाज ‘होडी… होडी…’ करायला लागला, तर आतून कडी लावावीशी वाटणारच. मला स्वतःला पहिल्यांदा वाटली होती, खोटं कशाला बोलू!

ती आधी असं काही करत नव्हती. आली तेव्हा सरळ लिफ्टमध्ये शिरून सगळ्यांना नमस्ते करायची. ती शिरली की आतली माणसं बाहेर यायची. एकाला दूध आणायचं आठवायचं, दुसऱ्याला गाडीची चावी. एकदा एक बाई तर सातव्या मजल्यावर जायचं सोडून पहिल्यावरच उतरली आणि तिथून चढत गेली, गुडघे धरधरून. भाजीवाला तिचे सुटे पैसे पिशवीत टाकायचा, हातात देत नव्हता. मुलं जिन्यातून ओरडायची, ते शब्द मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या मजल्यावरची मांजर दोन दिवस दिसली नाही, तर ‘ये लोग सब खाते हैं’ अशी कुजबुज सुरू झाली. मांजर मीटरच्या खोलीत व्यायली होती. तिथून पिलांसकट बाहेर आली, पण कुजबुज काही परत गेली नाही.

माझा रंग काही उजळ नाही. माझ्या वेळी मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी ‘मुलगी सावळी आहे’ असं पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता सांगितलं होतं. हे मी मामाला आमच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तिने विचारलं, सावळी म्हणजे? मी म्हटलं, काळीच, पण नात्यातली. ती विचारात पडली. मग म्हणाली, “दादा, मग मलाही सावळी म्हणायला सांग ना यांना.” मी हसले, आणि मग मला इतकं वाईट वाटलं की चहा कडू लागला.

मी मुळातच भांडखोर. आयुष्य लालबागला गेलंय, नळावर बादली लावण्यापासून भांडत आलेय. माझं म्हणणं एकच होतं, तोंडावर सुनावायचं. नीमा माझ्या पुढे दोन पावलं. ती इथे नर्सिंगला होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. कोण काय बोललं ते सगळं फोनमध्ये भरून ठेवायची. म्हणायची, पोलिसांत जाऊ, व्हिडिओ टाकू, जगाला कळू दे. मामा मान हलवायची. “एकदा ओरडलं की ते म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो तशाच आहेत. मला त्यांच्या दारातून आत जायचंय. दार मोडलं तर मग आत जाऊन काय उपयोग?”

म्हणून तिने हाका सुरू केल्या. रोज संध्याकाळी एक मजला. हात पाठीमागे बांधून, दाराच्या भोकातून पाहणाऱ्याला चेहरा नीट दिसेल अशी उभी राहायची. गुडघ्याला लवंगेचं तेल लावायची, त्यामुळे ती यायच्या आधी दाराखालून लवंगेचा वास यायचा. मग टीव्हीचे आवाज बंद व्हायचे. एका मजल्याचे झाले की वरच्याही मजल्याचे. खेळणारी पोरं घरात ओढली जायची. दाराच्या भोकातला उजेड नाहीसा व्हायचा, म्हणजे आतून कुणाचा तरी डोळा लागलेला असायचा. एवढी सत्तरेक बिऱ्हाडांची बिल्डिंग, पण त्या पाव तासात कुकरची शिट्टी होत नव्हती. तीन हाका. मग तिच्या सपाता पुढच्या दाराकडे. मी माझं दार उघडं टाकून ऐकत बसायचे, आणि ती आपलीच मामा आहे हे ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा यायचा.

“लोक तुला भूत समजायला लागलेत,” नीमा एकदा तिच्यावर कडाडली. “तू दारोदार भीक मागतेस, आई!”

“भूत समजून घाबरतात, माणूस समजून हाकलतात,” मामा शांतपणे चहात साखर ढवळत म्हणाली. “सध्या भूत बरं.”

नीमा कप तसाच ठेवून उठून गेली. खरं सांगायचं तर मीही तिच्याच बाजूची होते.

भुताच्या गोष्टीत पहिल्या मजल्यावरच्या बयने भर घातली. बय म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची म्हातारी आई, मूळची राईची. बिल्डिंगखालची शेतं त्यांचीच होती. त्या बदल्यात हे फ्लॅट. ब्लॉकमध्ये राहायला आल्यापासून बय खाली उतरली नव्हती. खाडीकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायची. मी भाकरी घेऊन गेले की बोलायची. मामाची हाक तिने ऐकली तेव्हा माझा हात घट्ट धरला. “ह्या टायमाला खाडीवरनं कुनी होडी मागितली तं ओ द्याची न्हाय. आमचे मानूस बुडाले ना, तं त्यांच्या मेलेल्या बायका मागतात. ओ देली का ती तुला घेऊन जाते.” मी तिला परोपरीने सांगितलं, अगं, ती नीमाची आई, भाषा वेगळी. बय नुसती खिडकीतून बघत राहिली. तिचं हे बोलणं सुनेने ऐकलं, आणि दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगचं झालं.

त्यातूनच ठराव आला. परदेशी भाडेकरू ठेवायचे नाहीत, आहेत त्यांनी महिनाअखेर जागा सोडायची. मामाला याआधी काशीगावातलं घर असंच सोडावं लागलं होतं, आणि दुसरं मिळेपर्यंत नीमाचं एक वर्ष बुडालं होतं. आता घर गेलं तर कॉलेज गेलं, हे त्या दोघींना, मला आणि सेक्रेटरीलाही पक्कं ठाऊक होतं.

सभा खाली पार्किंगमध्ये, संध्याकाळी. घराघरांतली मोठी माणसं, पोरंसोरं, सगळी हजर. एरवी वार्षिक सभेला दहा टाळकी नसतात. मामा आली नव्हती, आणि बय तर खाली उतरायचीच नाही. नीमा फोन मुठीत आवळून माझ्याशेजारी बसली होती. एकजण म्हणाला, “हम ऐसे लोग नहीं हैं, रंग-वंग कुछ नहीं मानते, पर फॅमिली सोसायटी है.” मी उठून म्हटलं, “मग त्या काय सर्कस आहेत का? आई आणि मुलगी, फॅमिली म्हणतात त्याला!” गलका झाला. सेक्रेटरी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “मॅडम, माझं वैयक्तिक काही नाही, बहुमत आहे.” त्याने हात वर करायला सांगितले.

आणि वरून हाक आली. होडी.

त्या दोघी सोडल्या तर बिल्डिंग रिकामी होती. बाकी सगळ्या दारांना कुलपं होती, हे खाली बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ती एकेका मजल्यावर, एकेका बंद दाराशी हाक मारत खाली येत होती. जिन्याच्या पोकळीतून आवाज मोठा होऊन येत होता. वर गेलेले हात तसेच राहिले. एका बाईने मुलाचे कान झाकले. नंतर मी मामाला विचारलं, रिकाम्या घरांशी कसल्या हाका मारत होतीस? म्हणाली, “जायचंच असेल तर सांगून जायला नको?”

पहिल्या मजल्यावर आवाज थांबला. होडी. होडी. होडी.

“ओ!” वरून उत्तर आलं. “आलू गो, थांब!”

सेक्रेटरी ताडकन उभा राहिला. आईचा आवाज तो ओळखणार नाही तर कोण? दार उघडल्याचं ऐकू आलं, मग जिन्यावर पावलं, दोन माणसांची, अगदी सावकाश. मामा खाली आली. तिच्या कोपराला धरून बय. नऊवारी नीट चापूनचोपून नेसलेली, केसांत पिन. मामाच्या तोंडावर आश्चर्य मावत नव्हतं. बय मात्र कुणाकडेच बघत नव्हती.

“आये, कुठं चाललीस?” सेक्रेटरी पुटपुटला.

“होडी आली माजी,” बय म्हणाली. “कवाची वाट बघते मी. तुमी बसा.”

गर्दी दुभंगली. हात लावायची कुणाची छाती झाली नाही, पोटच्या पोराचीसुद्धा. दोघी मागच्या फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा मी धावले, नीमा माझ्यामागे. बांधावर बयने बसकण मारली. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता, तिवरांत काही हलत नव्हतं. बयने मामाला विचारलं, “पानी भरतंय का सरतंय?” मामाला ओ की ठो कळलं नाही, तिने आपली होकारार्थी मान हलवली. बय खुदकन हसली. “हिला काय बी समजत न्हाय. ही न्हाय नेनारी.” तरी तिने मामाचा हात काही सोडला नाही. पुष्कळ वेळाने सेक्रेटरी शाल घेऊन आला, आईला घेऊन गेला. सभा तहकूब झाली.

त्याच आठवड्यात बय झोपेतच गेली.

आता काय, सगळ्यांना पुरावाच मिळाला! “नेली तिने.” सकाळपासून लिफ्टमध्ये तेच, पाण्याच्या टाकीपाशी तेच. मी दोघातिघांना झोडून काढलं तोंडाने, पण भीतीशी कोण भांडणार? मामाला मी बजावलं, त्या घराकडे फिरकू नकोस, हात उचलतील. नीमा म्हणाली, “आणि तिथे जाऊन हाका मारायच्या नाहीत, माझी शपथ आहे.” मामा डोक्याला फडकं बांधत होती. “तिने मला ओ दिली होती,” एवढंच म्हणाली.

बयला अजून स्मशानात नेलं नव्हतं. दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग. राईच्या बायका भोवती बसलेल्या, आमच्या बिल्डिंगचे लोक भिंतीला चिकटून. सेक्रेटरी आईच्या पायाशी. मी आत होते. लवंगेचा वास आला आणि मी दाराकडे पाहिलं.

“होडी,” दाराबाहेरून मामा म्हणाली.

राईच्या बायका रडता रडता गप्प झाल्या. सून भिंतीकडे सरकली. सेक्रेटरीने मान वर केली नाही. दुसरी हाक. मी ओ द्यायला तोंड उघडलं, पण घर माझं नव्हतं. तिसरी हाक तर जेमतेम ऐकू आली. मामा मागे फिरली.

नीमा फिरली नाही. आईला ओलांडून ती सरळ आत आली, बायकांतून वाट काढत बयच्या उशाशी बसली आणि तिने हंबरडा फोडला. आमच्यासारखा तोंडात पदर कोंबून नव्हे, मोकळा, वर चढत जाणारा, भिंतींवर आपटणारा. एवढ्या महिन्यांचं सगळं तिने त्यात ओतलं होतं. मग राईच्या एका म्हातारीने तिच्या गळ्यात हात टाकून तसाच सूर लावला, मग दुसरीने, आणि ते घर इतकं भरून गेलं की मला माझं रडणं ऐकू येईना.

मुलीचा तो आवाज ऐकून मामा जिन्यावरून परत आली. धावत. उंबऱ्यावर थांबली नाही, हाक मारली नाही, पायातल्या सपाताही काढायचं तिला सुचलं नाही. आत येऊन तिने नीमाला छातीशी धरलं.

गळ्यात हात टाकलेल्या म्हातारीने डोळे पुसत वर पाहिलं. “ही कोन गो?”

सेक्रेटरी बसल्या जागी जरासा सरकला आणि मामाला बसायला जागा करून दिली.

“आमच्याच बिल्डिंगमधली आहे,” तो म्हणाला. “तिसऱ्या मजल्यावरची.”