शेकरूच्या झाडाखाली

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदाच माझ्याबरोबर जंगलात पायी फिरायला आली होती. चढणीवर आमच्या गटातले बाकीचे पुढे निघून गेले. वाट दाखवणारी सखू मात्र आमच्यासाठी थांबली.

"मावशी, गाडी बोलावू का?"

"नको. बसत बसत येईन, पण चालतच येईन," म्हणत ताई दगडावर टेकली.

तेवढ्यात वर पानं सळसळली. एक शेकरू तोंडात काटकी धरून घरटं बांधत होतं. काटकी निसटली, तसं ते दुसरी आणायला गेलं. आम्ही तिघी श्वास रोखून पाहत राहिलो. पोहोचायच्या घाईत आपण किती जंगलं नुसतीच ओलांडतो, असं मनात आलं.

ताई ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

"चल," ती म्हणाली, "अजून अर्धी चढण माझी आहे."