अकरा उच्चारांची साक्ष

मुलांनो, तीन आठवड्यांपूर्वी मनोहरदादा, म्हणजे तुमचे मामाआजोबा, अकोल्यात वारले. सुट्टीत आपण त्यांच्याकडे गेलो की झाडांना पाणी घालताना ते काय पुटपुटतात म्हणून तुम्ही हसायचात, आणि मी ‘नंतर सांगीन’ म्हणून टाळायचे. टाळायला नको होतं. आता सांगते.

दुसऱ्या महायुद्धात फौजेत असलेला दादा सिंगापूरला पकडला गेला. जपान्यांनी त्याला इतर कैद्यांबरोबर न्यू गिनीकडच्या एका बेटावर हमालीला नेलं. तिथून तो डोंगरात पळाला आणि एका म्हातारीनं त्याला वर्षभर लपवून जगवलं. तिच्या गावची भाषा शेजारच्या खोऱ्यातही कुणाला कळत नसे. उच्चार जमेपर्यंत ती त्याच्या हातात भाजलेला कंद ठेवायची नाही. ‘मनोहर’ तिच्या तोंडी ‘बारोआरा’ झाला होता.

लढाई संपल्यावर तो राजापेठेतल्या आमच्या घरी परतला, आणि रोज पहाटे विहिरीपाशी एकटाच मोठ्यानं बोलत बसू लागला. आई अंजनगावची, बोलीही तिकडचीच. मला म्हणाली, “हा कोनाशी बोलून राहिला वं? याले बाहेरचं काही लागलं तर नाही?” आमचे वडील, अण्णा, वकील. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डोक्यावर परिणाम झाला आहे, नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असं डॉक्टर सांगून गेले. अण्णा पत्र लिहायला बसले. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ती बडबडच वाटत होती...

तरी पत्र टाकण्याआधी मी अण्णांकडे महिन्याची मुदत मागितली. ‘पाऊस थांबला’, ‘तुझा पाय दुखतो का’, अशी चाळीस वाक्यं दादाला त्या भाषेत म्हणायला लावली, ऐकू आली तशी देवनागरीत लिहिली आणि वही ट्रंकेत ठेवली. महिन्यानं तीच वाक्यं उलटसुलट विचारली. एक अक्षर हललं नव्हतं. मग वर्णमाला मांडून, वहीत न सापडलेली अक्षरं मी खोडत गेले. स नाही, ह नाही, ल नाही, च नाही. म आणि न तर एकदाही नाहीत. उरले पाच स्वर, प, त, क, ग, र आणि ब-वच्या मधला एक. अकरा. आपल्याला पन्नासएक लागतात. तिथं अकरांत अख्खं गाव जन्मत होतं, रुसत होतं, मेलेल्यांना रडत होतं. मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. एवढं बोलून ज्याच्या तोंडून एक ‘म’ निसटत नाही, तो बडबडत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवलेलं काहीतरी तो जपून वापरत होता.

अण्णांनी वही समोर ठेवून दादाची तासभर उलटतपासणी केली. आई दारात उभी होती.

“एवढ्याशा अक्षरात भांडतात कसे रे ते?” तिनं विचारलं.

“लांब भांडतात,” दादा म्हणाला. “शब्द हातहातभर असतात त्याईचे.”

“अन् तू काहून बोलतो रोज?”

“इसरीन म्हणून. तिनं मले या बोलन्यावर जगवलं, आई. इथं दुसरं कोन बोलते?”

अण्णांनी चष्मा काढला. “खोटा साक्षीदार दुसऱ्या वेळी काहीतरी वाढवतो,” ते म्हणाले. “यानं काही वाढवलेलं नाही.” पत्र त्यांनी तिथंच फाडलं.

पुढे दादा अकोल्याला शिक्षक झाला. मी भेटायला गेले की ती चाळीस वाक्यं माझ्याकडून म्हणवून घ्यायचा. ‘र’ जरा जड पडला की बोट वर व्हायचं, आणि मी पहिल्यापासून सुरू करायचे.

वही माझ्याकडे आहे. चाळीसही वाक्यं मला पाठ आहेत. चुकलं तर सांगणारं आता कुणी नाही.