न कापलेल्या शेवया

आमच्या घरापासून वर्तकनगरातली ती बेकरी माझ्या पावलांनी तीनशे दहा आणि वडिलांच्या पावलांनी चारशे पंचाहत्तर पावलांवर आहे. पुढे पावाचं कपाट, मागे तीन टेबलं, आठ खुर्च्या. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात. नवरा खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, बरीच वर्षं बोटीवर आचारी होता. बायको फिलिपिन्सची, त्याच बोटीवर कामाला होती. मराठी ती सासूकडून शिकली, त्यामुळे गिऱ्हाईक कितीही वयाचं असो, ती त्याला ‘तू’च म्हणते.

वडिलांना मी तिथे न्यायला लागलो तो कवळीमुळे. अडीच महिन्यांपूर्वी नवी कवळी बसवली. ती टोचते म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढली आणि स्टीलच्या डबीत ठेवून दिली. मग नुसता मऊ वरणभात, तोही दर आठवड्याला एक घास कमी. दर रविवारी मी त्यांना काट्यावर उभं करत होतो. अठ्ठावन्नाचे त्रेपन्न किलो झाले. डॉक्टरांनी सांगितलं की आणखी घटलं तर अंथरूण धरतील. मी हे वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, काटा जुना आहे.

त्या बेकरीतले छोटे पाव मात्र ते कॉफीत बुडवून खायचे. पहिल्या दिवशी एक, तिसऱ्या आठवड्यात तीन. पण नुसत्या पावावर किती दिवस काढणार?

वडिलांचा वाढदिवस आला. धार्मिक विधी, हार, पाहुणे, सगळ्याला त्यांनी नकार दिला. बेकरीत जाऊ, एवढंच कबूल केलं. मी आदल्या दिवशी तिथे सांगून ठेवलं होतं. बेकरीवालीने वाढदिवसाच्या खास तांदळाच्या शेवया केल्या, आमच्यासाठी फक्त कोबी, गाजर, फरसबी घालून. ताटभर, केसांसारख्या लांब, बाजूला लिंबाची फोड. वडील वाकून बघत म्हणाले, कोकणातल्या शिरवाळ्यांची आठवण झाली. दोन महिन्यांत जेवणाबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

मी लगेच कामाला लागलो. आमच्या घरी खिरीच्या शेवया आधी मोडतात, मग तुपात भाजतात. त्यात समोर दात नसलेला माणूस. चमच्याच्या कडेने मी ताटातल्या शेवयांचे इंच इंच तुकडे करायला घेतले. उभे, आडवे, परत उभे. निम्म्याहून जास्त झालं असेल. वडिलांनी हात मांडीवर ठेवले. मी काय तान्हं पोर आहे का, असं पुटपुटले आणि रस्त्याकडे बघायला लागले. जेवण इथेच संपणार, हे मी ओळखलं.

तेवढ्यात ती कॉफी घेऊन आली, ताट बघून जागीच थांबली.

“दादा, कनाला कापतस? आयुष्य हाय ता त्यांचा.”

गल्ल्यावरून नवऱ्याने समजावलं. तिच्याकडे वाढदिवसाच्या शेवया लांबच खायच्या असतात. जेवढी शेवई लांब तेवढं आयुष्य लांब. कापल्या तर अपशकुन. मी ओशाळलो, चमचा खाली ठेवला. तिने ते ताट माझ्यापुढे सरकवलं आणि वडिलांसाठी आतून दुसरं आणलं.

वडील नियमांचे पक्के. काटेकोरपणा माझ्याकडे आला तो त्यांच्याकडूनच. त्यांनी विचारलं, “आणि दातांनी तोडल्या तर?”

“दातांनी चालतंय. चमच्यानी नाय.”

वडिलांनी थोडा विचार केला. मग शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून डबी, डबीतून कवळी. तोंडाशी रुमाल धरून ती बसवली. ती रोज खिशात घेऊन फिरतात, हे मला तेव्हा कळलं. डबी कपाटात आहे असं मी धरून चाललो होतो, कधी मोजणी केली नव्हती.

पहिली शेवई त्यांनी काट्याने उचलली, हनुवटीच्या वर गेली तरी संपेना. शेवटी ओढून घेतली, चावली. जरा थांबून कवळी जिभेने चाचपली. दुसरी घेतली.

मी माझ्यापुढच्या तुकड्यांकडे बघत होतो. हे कोणी खायचं, असं विचारलं.

“तू खा,” वडील चावता चावता म्हणाले. “तुझं अजून बरंच शिल्लक आहे. थोडं कमी झालं तरी चालेल.”

मी चमच्याने खाल्लं. त्यांचं ताट माझ्या आधी रिकामं झालं.